जामखेडने डॉक्टरचे काम कसे वाटून दिले

ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नाहीत, ही तक्रार महाराष्ट्रात इतकी जुनी आहे की तिच्यावरचे उपायही ठरून गेल्यासारखे झाले आहेत. नवी प्राथमिक आरोग्य केंद्रे मंजूर करावीत, रिक्त पदे भरावीत, वैद्यकीय पदवीधरांकडून ग्रामीण सेवेचे बंधपत्र लिहून घ्यावे, दुर्गम भागातील डॉक्टरांना जादा भत्ता द्यावा, असे हे उपाय आहेत आणि त्यांतला एकही अनावश्यक नाही. मात्र या सर्वांच्या मुळाशी एक समजूत आहे. रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातले अंतर किलोमीटरमध्ये मोजता येते आणि डॉक्टर जवळ आणून बसवला की ते मिटते, अशी ती समजूत होय. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यातील जामखेड तालुक्यात १९७० पासून जे काम झाले, त्याने ही समजूत मुळापासून तपासली. त्या कामाची थोरवी आपण पुष्कळ गायिली आहे, परंतु त्याची रचना नेमकी कशी होती आणि सरकारी योजनांनी तिच्यातले काय उचलले व काय सोडले, याकडे पुरेसे लक्ष दिलेले नाही. येथे तोच भाग सविस्तर मांडायचा आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे मूळचे याच जिल्ह्यातील. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकत असताना त्यांची मेबल यांच्याशी ओळख झाली, आणि ग्रामीण भारतातच काम करायचे या निश्चयाने दोघांनी संसार सुरू केला. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ते याच जिल्ह्यातील वडाळा येथील मिशनच्या रुग्णालयात काम करीत होते. तेथे रुग्णांची रीघ असे, शस्त्रक्रिया होत, लोक बरे होऊन घरी जात. पण काही महिन्यांनी तेच मूल पुन्हा जुलाबाने सुकून परत येई, किंवा त्याच घरातील दुसरे मूल येई. रुग्णालयात येणारे बहुतेक आजार टाळता येण्याजोगे आहेत आणि ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे ते तर रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचतच नाहीत, हे दोन निष्कर्ष त्यांनी तेथूनच काढले. पुढे अमेरिकेत वैद्यक आणि शस्त्रक्रियेचे उच्च प्रशिक्षण व जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते १९७० मध्ये परतले. लोक स्वतः बोलावतील तेथेच काम सुरू करायचे, अशी त्यांची अट होती. जामखेडच्या पुढाऱ्यांनी बोलावले आणि गुरांच्या जुन्या दवाखान्याची मोकळी जागा दिली. ‘काँप्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट’ (सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प) या नावाने तेथे काम सुरू झाले. पहिल्या टप्प्यात ३० गावे आणि सुमारे ४०,००० लोकसंख्या हाती घेण्यात आली. हे आकडे वाचकाने लक्षात ठेवावेत, कारण त्यांचा संबंध पुढे येणार आहे.

तालुका पर्जन्यछायेतला. ज्वारीवर गुजराण, पाणी कमी, आणि पावसाने दगा दिला की घरेच्या घरे कामाच्या शोधात बाहेर पडणार. प्रकल्पाच्या स्वतःच्या पाहणीनुसार १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. त्याच वर्षी देशाचा बालमृत्युदर हजारी १२९ होता. प्रशिक्षित हातांनी होणारी बाळंतपणे जवळजवळ नव्हतीच. लहान मुलांतील सुमारे ४० टक्के कुपोषित होती. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला, आणि आरोग्य प्रकल्पाला औषधांच्या आधी पाणी व अन्न यांचा विचार करावा लागला.

हा क्रम लोकांनी लावून दिला होता, हे महत्त्वाचे आहे. गावकऱ्यांना विचारले तेव्हा त्यांनी दवाखाना मागितला नाही. पाणी मागितले, मुलांना खायला मागितले. त्यानुसार गावोगावी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली आणि विंधन विहिरी खोदल्या गेल्या. विहिरींच्या जागा शक्यतो दलित वस्तीत किंवा तिच्या लगत निवडल्या, म्हणजे पाणी हवे असेल तर सवर्णांनाही त्या वस्तीत यावे लागे. तरुण पुरुषांना एकत्र आणण्यासाठी व्हॉलीबॉलचा उपयोग केला गेला, आणि त्या खेळातून जमलेल्या मंडळींतूनच पुढे शेतकरी मंडळे उभी राहिली. आरोग्याच्या अहवालात व्हॉलीबॉलला स्थान काय, असे एखाद्याला वाटेल. परंतु ज्या गावात एका जातीच्या माणसाच्या हातचे पाणी दुसरा पीत नाही, तेथे कोणत्याही एका आरोग्य कार्यकर्तीला सर्व घरांत प्रवेश मिळणे अशक्य असते. पोहोच वाढवण्याचे काम तेथून सुरू करावे लागते, आणि आरोळे दांपत्याने ते तेथूनच सुरू केले, हे मला त्यांच्या वैद्यकीय कौशल्याइतकेच मोलाचे वाटते.

पहिली योजना फसली

सुरुवातीची रचना मात्र प्रचलित विचारानुसारच होती. जामखेडला डॉक्टर आणि रुग्णालय, तर गावांत प्रशिक्षित परिचारिका. ही योजना चालली नाही. बाहेरून आलेल्या तरुण परिचारिकेला गावात एकटीने राहणे सुरक्षित वाटत नव्हते. तिची भाषा, राहणी आणि वय यांमुळे गावातील बायका तिच्याशी मोकळेपणाने बोलत नव्हत्या. बाळंतपणात सुईण आणि सासू यांचा शब्द अखेरचा असे, आणि अविवाहित मुलीने त्यांना काही सांगावे हे कोणाच्याच पचनी पडत नव्हते. परिचारिकेचे ज्ञान पुरेसे होते. कमी पडत होता तो तिच्यावरचा विश्वास, आणि तो बदलीच्या आदेशाने मिळत नाही.

यातून ग्राम आरोग्य कार्यकर्तीची कल्पना पुढे आली. गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी. ती त्याच गावात राहणारी, शक्यतो प्रौढ, स्वतः मुले वाढवलेली आणि दुसऱ्यासाठी वेळ काढण्याची इच्छा असलेली असावी. शिक्षणाची अट नव्हती. निवडल्या गेलेल्या बऱ्याचजणी निरक्षर होत्या आणि अनेक दलित समाजातील होत्या. आज हे वाचताना सहज वाटते, पण १९७० च्या दशकाच्या आरंभी वैद्यकीय व्यवसायातील माणसाने, तेही अमेरिकेत उच्च प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदाने, निरक्षर स्त्रीच्या हाती रोगनिदानाचा व उपचाराचा काही भाग सोपवणे ही फार मोठी झेप होती. वैद्यकीय ज्ञानाभोवतीचे गूढ काढून टाकले तर त्यातील बराचसा भाग कोणीही शहाणा माणूस शिकू शकतो, असा आरोळे यांचा ठाम विश्वास होता.

कामाची विभागणी पाहिली म्हणजे या विश्वासाला आधार कोणता होता ते कळते. बालमृत्यूंची मुख्य कारणे जुलाब, श्वसनसंसर्ग, कुपोषण आणि नाळेतून होणारा धनुर्वात ही होती. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजत राहणे, अंगावरचे दूध न तोडणे, सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करणे, बाळंतपणात हात स्वच्छ धुऊन उकळलेल्या ब्लेडने नाळ कापणे, तिला शेण किंवा राख न लावणे, गरोदर स्त्रीची नोंद ठेवून अवघड बाळंतपणाची लक्षणे वेळीच ओळखणे, मुलांचे वजन करणे, लसीकरणाला सर्व मुले आणणे, खोकला लांबलेल्या माणसाला क्षयाच्या तपासणीला पाठवणे, त्वचेवरील बधिर चट्टा दिसला तर कुष्ठरोगाचा संशय घेणे, यांतील एकाही कामाला पदवी लागत नाही. लागते ते रोजचे सान्निध्य. आठवड्यातून एकदा येणारा उत्तम डॉक्टरही हे करू शकत नाही, कारण सोमवारी सुरू झालेल्या जुलाबाने मूल गुरुवारपर्यंत हाताबाहेर गेलेले असते.

प्रशिक्षण कधी संपले नाही

जामखेडविषयीच्या बहुतेक लेखनात कार्यकर्तींच्या निवडीचे कौतुक असते, आणि ते योग्यच आहे. परंतु माझ्या मते या प्रकल्पाचे खरे सामर्थ्य निवडीत नव्हते. निवडीनंतर जे घडत राहिले त्यात होते.

या स्त्रियांना काही आठवड्यांचा अभ्यासक्रम शिकवून प्रमाणपत्रासह गावी पाठवण्यात आले नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, दोन दिवस राहत, आणि मागील आठवड्यात गावात काय घडले ते सांगत. शिक्षणाचा विषय तेथूनच निघे. एखाद्या गावात मूल दगावले असेल तर ते का दगावले, कोणत्या दिवशी काय करता आले असते, याची चर्चा सर्वांसमोर होई. ती दोषारोपासाठी नसे, तर पुढच्या वेळेसाठी असे. निरक्षर असल्यामुळे सर्व काही पुनरावृत्तीने, चित्रांनी, गाण्यांनी आणि प्रत्यक्ष करून शिकवले जाई. रात्री या सगळ्याजणी एकत्र झोपत. वेगवेगळ्या जातींच्या स्त्रियांनी एकत्र यावे म्हणून पांघरुणे एकमेकांना जोडून सर्वांना पुरेल असे एकच मोठे पांघरूण शिवले गेले होते, ही हकीकत जामखेडच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

दुसरा दुवा फिरत्या पथकाचा होता. परिचारिका, समाजकार्यकर्ता व गरजेप्रमाणे डॉक्टर असे पथक ठरलेल्या दिवशी गावात जाई. हे पथक गावात स्वतंत्र दवाखाना थाटत नसे. कार्यकर्ती ज्या घरांत न्यायची त्या घरांत ते जाई, तिने ज्यांच्याविषयी शंका काढली असेल त्यांनाच आधी तपासत असे, आणि तिचा अंदाज बरोबर निघाला की ते गावकऱ्यांसमोर बोलून दाखवत असे. तिसरा दुवा जामखेडच्या रुग्णालयाचा. कार्यकर्तीने पाठवलेली अडलेली बाळंतीण तेथे पोहोचली की शस्त्रक्रिया होणार, याची खात्री होती. ही खात्री नसती तर कार्यकर्तीचा शब्द गावात पहिल्या अपयशालाच पडला असता. शस्त्रक्रिया, प्रसूती, कुष्ठरोग्यांची देखभाल, पुढे जयपूर फूट म्हणजे कृत्रिम पाय बनवण्याची कार्यशाळा अशी कामे रुग्णालयात होत गेली. कुष्ठरोग्यांना वेगळे न बसवता इतर रुग्णांसोबतच तपासले जाई. शुल्क कमी होते, तरी रुग्णांकडून येणाऱ्या पैशाचा गावांतील कामाला हातभार लागे, देणग्याही होत्या.

म्हणजे डॉक्टरची भूमिका येथे कमी झाली नव्हती. तिचे स्वरूप बदलले होते. दिवसाला शंभर रुग्ण तपासून थकणाऱ्या डॉक्टरऐवजी तीस स्त्रियांना शिकवणारा, त्यांच्या चुका सुधारणारा आणि त्यांना न झेपणारे रुग्ण स्वतः हाताळणारा डॉक्टर तेथे होता. शहरात पूर्वी ज्याला आपण घरचा डॉक्टर म्हणत असू, त्याची खरी ताकद घरातील माणसांची माहिती असण्यात होती: आजीचा दमा, सुनेचे पहिले अवघड बाळंतपण, धाकट्याची ॲलर्जी. जामखेडमध्ये ही माहिती कार्यकर्तीकडे होती आणि तपासणीचे कौशल्य डॉक्टरकडे, आणि दोहोंची दर आठवड्याला गाठ पडत होती. वॉशिंग्टन येथे १९८८ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत जामखेडच्या कार्यकर्ती मुक्ताबाई पोळ यांनी सभागृहातील झुंबराकडे बोट दाखवून डॉक्टरांची तुलना त्याच्याशी केली आणि स्वतःला साधा दिवा म्हटले. झुंबर सुंदर पण महाग आणि हाताला न येणारे, तर दिव्यावरून दुसरा दिवा लावता येतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे पुढे फार उद्धृत झाले, मात्र त्या दिव्यात दर आठवड्याला तेल घालणारी व्यवस्था त्यामागे उभी होती, हे सांगायचे बहुधा राहून जाते.

परिणाम

प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७६ पर्यंत, म्हणजे पाच वर्षांत, बालमृत्युदर हजारी १७६ वरून ५२ वर आला आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत २६ वर. लहान मुलांतील कुपोषण ४० टक्क्यांवरून सुमारे ५ टक्क्यांपर्यंत उतरले. सुरक्षित बाळंतपणांचे प्रमाण १९७६ मध्येच सुमारे ७४ टक्के झाले. तुलनेसाठी, देशाचा बालमृत्युदर २००५ मध्येही ५८ होता.

हे आकडे प्रकल्पाने स्वतः गोळा केलेले आहेत, आणि पहिल्या पाच वर्षांतील घसरणीत दुष्काळ सरल्याचाही वाटा असणार. तेव्हा त्यांच्याकडे थोड्या सावधपणे पाहिले पाहिजे. म्हणूनच २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेले तुलनात्मक संशोधन मला अधिक महत्त्वाचे वाटते. प्रकल्पातील गावे आणि आसपासची इतर गावे यांची तुलना करून संशोधकांनी असे दाखवले की प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालील मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता, आणि हा फरक मुख्यतः जन्मानंतरचा पहिला महिना उलटल्यानंतरच्या काळातील होता. जुलाब, आहार आणि लसीकरण या क्षेत्रांत कार्यकर्तींनी केलेल्या कामाशी हा निष्कर्ष जुळतो. त्याच वेळी तो मर्यादाही दाखवतो: पहिल्या महिन्यातील मृत्यू वेगळ्या तयारीची मागणी करतात. ती तयारी महाराष्ट्रातच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात केली. तेथील ३९ गावांत प्रशिक्षित स्त्रियांनी घरी जाऊन नवजात बालकांची काळजी घेतली, जंतुसंसर्गावर इंजेक्शनही दिले, आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. जामखेडमध्ये सुरू झालेला विचार तेथे एक पाऊल पुढे गेला, असे म्हणता येईल.

अनुकरण आणि त्यातील गळती

जामखेडचे नाव जगात लवकर पोहोचले. १९७८ मध्ये अल्मा-आटा (आताचे कझाकस्तानातील अल्माटी) येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा संमत केला, त्यामागे ज्या प्रयोगांचा अनुभव होता त्यांत जामखेड होते. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण आपल्या देशातील अनुकरण पाहिले की मन अस्वस्थ होते.

केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७७ पासून दर हजार लोकसंख्येमागे एक ग्राम आरोग्य कार्यकर्ता नेमण्याची योजना सुरू केली. तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि दरमहा ५० रुपये मानधन असे तिचे स्वरूप होते. निवडले गेलेले बहुसंख्य कार्यकर्ते पुरुष होते. गावातील वजनदार माणसांच्या ओळखीने अनेकांची वर्णी लागली. गरोदर स्त्रिया आणि तान्ही मुले हा ज्या कामाचा गाभा, ते काम पुरुषांकडे गेले. त्याहून मोठी उणीव अशी की तीन महिने संपल्यावर त्यांना शिकवणारे, पाठीशी उभे राहणारे कोणी उरले नाही. ही योजना काही वर्षांत निस्तेज झाली, आणि ‘गावातील अर्धशिक्षित माणसाकडून आरोग्यसेवा होत नाही’ असा चुकीचा धडा अनेक अधिकाऱ्यांनी त्यातून घेतला.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा स्वयंसेविका आल्या. या वेळी निवड स्त्रियांचीच झाली आणि ती गावातूनच झाली. लसीकरण, संस्थात्मक प्रसूती आणि कोविडच्या काळातील घरोघरची पाहणी यांत आशांनी जे केले ते देशाने पाहिले आहे. तरीही त्यांच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक ठरतो, त्यांच्या कामाची मोजणी मुख्यतः नोंदी आणि उद्दिष्टे यांवर होते, आणि मानधनासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२३-२४ मध्ये संप करावे लागले. आशेने ताप आलेल्या मुलाविषयी घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे तिच्याशी बसून बोलणारा डॉक्टर तिच्या वाट्याला क्वचितच येतो. २०१८ नंतर उपकेंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि या केंद्रांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. या नेमणुकांमुळे मधला एक दुवा मिळाला आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र तो दुवा आशेला शिकवण्यासाठी वापरला जातो की आणखी एक अहवाल मागण्यासाठी, यावर त्याचे मोल ठरेल.

जामखेडचा प्रयोग आरोळे यांच्या असामान्य निष्ठेमुळे चालला आणि तो सर्वत्र करता येणार नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य आहे. दोन डॉक्टरांनी एकाच तालुक्याला आयुष्य दिले. सरकारी डॉक्टरची तीन वर्षांत बदली होऊ शकते. परंतु मेबल आरोळे १९९९ मध्ये आणि रजनीकांत आरोळे २०११ मध्ये गेले, त्यानंतरही प्रकल्प चालू राहिला, याचा अर्थ रचनेतही काही टिकाऊ होते. आकाराचा प्रश्न तर मला फारसा खरा वाटत नाही. शासकीय निकषानुसार सपाट भागात ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, म्हणजे हजारी एक या हिशेबाने त्या केंद्राखाली सुमारे ३० आशा असतात. जामखेडची सुरुवात ३० गावे आणि ४०,००० लोकांपासून झाली होती. दोन्ही एककांचा आकार जवळजवळ सारखा आहे. राज्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्र, कागदावर तरी, जामखेडएवढेच आहे.

या केंद्रांत आशांची मासिक बैठक आजही होते. तिचा बराचसा वेळ नोंदवह्या तपासण्यात आणि मोबदल्याची बिले भरण्यात जातो. वैद्यकीय अधिकाऱ्याने महिन्यातून एकदाऐवजी दर आठवड्याला, निदान पंधरवड्याला, अर्धा दिवस आशांसाठी राखून ठेवावा, त्यात त्या आठवड्यातील आजारी मुले, जोखमीच्या गरोदर स्त्रिया आणि झालेले मृत्यू यांचीच चर्चा व्हावी, कागदपत्रांचे काम लेखनिकाकडे जावे, आशेची चिठ्ठी घेऊन आलेला रुग्ण रांगेत आधी पाहिला जावा आणि त्याचे पुढे काय झाले ते तिला कळवले जावे, एवढा बदल नव्या इमारतीशिवाय आणि नव्या पदांशिवाय करता येईल. त्या अर्ध्या दिवसासाठी बाह्यरुग्ण विभागात दुसरा डॉक्टर असला पाहिजे, म्हणून केंद्रातील दोन्ही वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदे भरलेली असणे ही त्याची पहिली अट राहील.